आणि सहकारी

कोजागरीचा कार्यक्रम होता, कोथरूडच्या एका सोसायटीच्या गच्चीवर. मसाला दूध अजून उकळत होते, वेलदोड्याचा वास पाण्याच्या टाक्यांपर्यंत पोहोचला होता आणि त्याच टाक्यांच्या आडोशाला बसून आम्ही वाद्ये लावत होतो. निवेदन करणारा मुलगा हातात पुठ्ठा आणि पेन घेऊन आला आणि अदबीने म्हणाला, ‘‘काकू, तुमच्या ग्रुपचं नाव काय सांगू?’’ मी पेटीचा भाता मोकळा करत होते. मी ताईंकडे पाहिले. ताईंनी तबल्यावरच्या काकांकडे पाहिले. काका हातोडीने गठ्ठ्यावर ठोके देत होते. मान वर न करता त्यांनी ‘‘नाव कसलं?’’ एवढेच विचारले. मुलगा क्षणभर घुटमळला, त्याने पुठ्ठ्यावर काहीतरी खरडले आणि थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावरून ताईंचे संपूर्ण नाव आडनावासकट ऐकू आले, आणि त्यापुढे ‘आणि सहकारी’. टाळ्या पडल्या. सहकारी आपापल्या जागी जाऊन बसले.

त्यात गैर असे काहीच नव्हते. ताई गातात, लोक त्यांना ऐकायला येतात, तेव्हा त्यांचे नाव पुढे असणे हा साधा व्यवहार आहे; आणि नोकरीची सगळी वर्षे शाखाधिकाऱ्यांकरिता सह्या केलेल्या माझ्यासारख्या बाईला तर तो व्यवहार शिकवावा लागू नये. तरीही त्या रात्री घरी आल्यावर पेटीवर सांडलेले दुधाचे थेंब ओल्या फडक्याने पुसताना ते दोन शब्द मनातून जाईनात. राग म्हणावा तर राग नव्हता. आमच्या शनिवारच्या खोलीत सहकारी असे कोणी नसतेच, एवढेच जाणवत राहिले. तिथे ताईंची सम हुकली तर काका हात थांबवतात, काकांची लय चढू लागली की गिटार वाजवणारा मुलगा गालात हसतो, कोरसच्या दोघी जावा अंतऱ्यापर्यंत आपसांतले भांडण मिटवून येतात आणि मी जास्तच सूर भरायला लागले की ताई गाता गाता नुसता डावा तळवा खाली दाबल्यासारखा करतात. हे सगळे मिळून जे काही होते त्याला नाव नाही, हे इतक्या वर्षांत आम्हांला कधी खटकलेही नव्हते. नाव लागते ते परक्याला हाक मारायची असते तेव्हा.

पुढच्या शनिवारी मीच विषय काढला.

नाव ठरवायला बसलेली मराठी माणसे पहिल्या पाच मिनिटांत कुठे पोहोचतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला सांगायला नको. स्वर, सूर, नाद, गंध, रंग, संगम, साधना आणि अंजली एवढ्या शब्दांची गाठोडी सोडली जाते आणि मग कोणालाही कोणाशी जोडून पाहणे सुरू होते. आमच्याकडेही तेच झाले. प्रत्येक जोडी जुळली की गिटारवाला मुलगा ती मोबाइलवर शोधून पाही आणि थंडपणे निकाल देई: हा गाण्याचा क्लास आहे, हा वाद्यवृंद आहे, हे मंगल कार्यालय आहे. एक नाव, जे मला मनापासून आवडले होते, ते श्रवणयंत्रांच्या दुकानाचे निघाले. काका म्हणाले की पुण्यात स्वर आणि गंध यांची जेवढी लग्ने लागणे शक्य होते तेवढी लागून गेलेली आहेत, आता घटस्फोटांची वाट पाहावी. ताई हसल्या, पण त्यांचा चेहरा अवघडलेला होता. त्यांना वाटत होते की नावाची ही शोधाशोध म्हणजे त्यांच्याविरुद्धची तक्रार आहे. थोडीशी ती होतीही. नाही म्हणणे लबाडीचे होईल.

काकांचे म्हणणे वेगळेच होते. त्यांना सहकारी असण्यात कमीपणा वाटत नव्हता. त्यांनी थेट बालगंधर्वांच्या नाटक कंपनीचा, गंधर्व मंडळीचा, दाखला काढला. ‘‘तबल्याला अहमदजान थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष. मंडळीच्या नावात आहेत का ते? अडलं का त्यांचं काही?’’ दाखला बिनतोड होता. पण थिरकवाँ हे थिरकवाँ होते आणि आपण कोजागरीला दूध तापेपर्यंत वाजवणारे, हा फरक कोणी बोलून दाखवला नाही. आणि गंधर्व मंडळीचा विषय निघालाच आहे तर तो एवढ्यावर सोडणे मला जमत नव्हते, कारण नावाचा खरा घोळ मला तिथेच दिसत होता.

आपल्या संगीत नाटकाची सुरुवातच संस्थापकाच्या आडनावाने झाली. १८८० मध्ये पुण्यात शाकुंतल रंगभूमीवर आले ते किर्लोस्कर मंडळीचे म्हणून, आणि १८८५ मध्ये अण्णासाहेब गेल्यावरही मंडळी त्यांच्याच नावाने चालत राहिली. भाऊराव कोल्हटकर गाऊन गेले, मग नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, आले. पाटीवरचे आडनाव तेच राहिले, ज्याचा धनी केव्हाच गेलेला होता. १९१३ मध्ये राजहंस, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी आपली नवी मंडळी काढली. मालक तिघे; नाव मात्र लोकमान्यांनी एका पोराला दिले असे आपण सगळे ऐकत आलो त्या पदवीचे. व्यवहाराच्या दृष्टीने याहून शहाणपणाचा निर्णय शोधून सापडणार नाही. तिकिटे गंधर्वांच्या नावावर खपत होती, टेंब्यांच्या पेटीवर नव्हे. पण दारावर रोज तिसऱ्याचेच नाव वाचत आत शिरताना त्या दोघांना काय वाटत असेल, हे मला या वयात पहिल्यांदाच विचारावेसे वाटले. टेंबे काही वर्षांतच वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःची मंडळी काढली. तिचे नाव शिवराज. बोडसही पुढे बाहेर पडले. भांडणांची कारणे अर्थातच पैशाची आणि कारभाराची असतात, नावाची नसतात. पण इतका नामवंत पेटीवाला आपल्या मंडळीला आपलेच नाव देत नाही, यात मी पेटीवाली असल्यामुळे असेल, मला काहीतरी ऐकू येते.

याच्या उलट ललितकलादर्श. केशवराव भोसले काही कमी नावाजलेले नट नव्हते; १९२१ मध्ये दोन्ही मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त मानापमानात ते बालगंधर्वांसमोर उभे राहिले होते. पण १९०८ मध्ये हुबळीला मंडळी काढताना त्यांनी तिला कोणा व्यक्तीचे नाव दिले नाही. संयुक्त प्रयोगाच्याच वर्षी केशवराव ऐन तिशीत गेले. मंडळी बापूराव पेंढारकरांनी उचलली, त्यांच्यानंतर भालचंद्र पेंढारकरांनी कितीतरी दशके सांभाळली, आणि नाव बदलायची वेळ कोणावर आली नाही. १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी एकत्र येऊन मंडळी काढली तेव्हाही तीन भागीदार होते, आणि नाव ठेवले बलवंत, जे तिघांपैकी कोणाचेच नव्हते. गंधर्व मंडळीचा थाट यांतल्या कोणाला साधला असे मी म्हणणार नाही. ती अत्तराने भरलेली नाट्यगृहे एकाच माणसाच्या गळ्यावर उभी होती, आणि तो माणूस थकला तेव्हा मंडळीही थकली. पण मला विचाराल तर मंडळीचे नाव मंडळीतल्या कोणाचेच नसावे. ते सगळ्यांना सारखेच परके असले म्हणजे पुढे सगळ्यांचे होऊ शकते. हे मी बोलून दाखवले, तेव्हा काका म्हणाले की नावाला परके आणि भांडायला घरचे, असे हवे आहे का तुम्हांला. मी हो म्हटले.

ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवसांतली एक गोष्ट इथे आठवते. १९०२ मध्ये कोलकात्याला गौहरजान गायल्या आणि ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी त्यांनी इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारले, कारण तबकड्या दाबल्या जाणार होत्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला, आणि तिथल्या तंत्रज्ञांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ही युक्ती होती. त्या काळच्या कितीतरी गायिकांनी असे नाव सांगितले आहे. ती ललकारी ऐकताना अंगावर काटा येतो. पण गाणे संपल्यावर त्या आवाजाच्या पाठीमागे जी सारंगी आणि जो तबला गप्प होतो, त्याला कोणी नाव विचारले नाही, आणि ध्वनिमुद्रिकेची लांबी तीनेक मिनिटांची असताना विचारायला वेळही नव्हता. आता सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात प्रत्येक साथीदाराचे नाव निवेदनात येते, पाठीमागे तानपुरा धरून बसलेल्या शिष्यांचेसुद्धा येते आणि लोक टाळ्या देतात. ही सुधारणा आहे आणि ती मला मनापासून आवडते, जरी तानपुऱ्यावरच्या मुली आपले नाव येताच ज्या घाईने मान खाली घालतात ती पाहून हसू येते.

पावसाळ्यात संध्याकाळी नदीपात्राच्या कडेने चालत घरी यायची माझी सवय आहे. त्या दिवसांत तिथे पथकांचा सराव चालतो. ढोल कमरेला बांधलेल्या मुली ओल्या रेतीत पाय रोवून उभ्या असतात, ताशाची कडकड पुलाखालून दुप्पट होऊन परत येते आणि छातीत काहीतरी आपोआप ठोका चुकवते. नावाचा भुंगा डोक्यात शिरल्यावर मी पहिल्यांदाच पथकांच्या शर्टांच्या पाठी वाचत चालू लागले. पुण्यातल्या पथकांच्या नावांत दोन कुळे दिसतात. एक जुने, शाळांचे: रमणबाग, नूमवि, ज्ञान प्रबोधिनी. तिथे नाव शोधायची गरजच पडली नाही. मुले जिथून आली तेच नाव. दुसरे कुळ गर्जनेचे. शिव, रुद्र, गज आणि नाद यांतला एक शब्द घ्यायचा आणि त्याला मोठ्याने बोलायला लावायचे. मला पहिले कुळ जास्त आवडते. ढोल वाजायला लागल्यावर गर्जना होणारच आहे, ती आधी सांगून काय मिळते? ब्रास बँडवाल्यांची नावे याहून सुखाची. मिरवणुकीत प्रभात किंवा दरबार ही अक्षरे पुढे सरकत येतात तेव्हा त्या शब्दांत थोडा ऐट, थोडी कलाबूत आणि बरेचसे जुने पुणे असते. शिवाय बँडवाल्यांकडे नाव लिहायची जागा ठरलेली असते: मोठ्या ड्रमच्या पानावर, गोलाईला धरून, पेंटरने सावली देऊन रंगवलेली अक्षरे, आणि खाली फोन नंबर. ड्रमवर दांडी पडली की नावही थरथरते. आमच्याकडे एवढे मोठे वाद्यच नाही. तबल्याच्या पुडीवर लिहायचे म्हटले तर काका उठून जातील.

गिटारवाला मुलगा या सगळ्या चर्चेत मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला असे, पण एका शनिवारी त्याने जी माहिती पुढे केली तिने खोलीचा रंग बदलला. कोलकात्यात १९७५ च्या सुमारास सात तरुणांनी एक बँड काढला. सात म्हणून आधी नाव ठेवले सप्तर्षी. मग तीरंदाज. मग चेष्टेने चक्क ‘गौतम चट्टोपाध्याय बीएस्सी आणि संप्रदाय’. हे ऐकून ताई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. पदवीसकट ‘आणि सहकारी’ बंगालमध्येही होते तर! शेवटी त्यांच्यातल्याच रंजन घोषाल यांनी जीवनानंद दासांच्या एका कवितेतली ओळ सुचवली आणि नाव पडले ‘मोहीनेर घोडागुली’, म्हणजे मोहीनचे घोडे. कार्तिकाच्या चांदण्यात माळावर चरणारे ते घोडे. हा मोहीन कोण, हे कवितेत सांगितलेले नाही, आणि बँडमध्ये त्या नावाचा कोणी नव्हता. मग मुलगा पिंक फ्लॉइड या इंग्लंडमधल्या बँडकडे वळला. १९६५ मध्ये त्यांचे नाव टी सेट होते. एके ठिकाणी वाजवायला गेले तर त्याच कार्यक्रमात त्याच नावाचा दुसरा बँड. ऐनवेळी सिड बॅरेटने आपल्या संग्रहातल्या ध्वनिमुद्रिकेवर वाचलेली दोन नावे जोडली: पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल, दोघेही अमेरिकेच्या दक्षिण भागातले कृष्णवर्णीय ब्लूज गायक. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे त्या दोघांची नावं जगभर गेली आणि ते दोघे त्यात नव्हतेच.’’ मला ही गोष्ट गमतीची वाटली होती. काकांनी ती अशी सांगितल्यावर तितकी गमतीची राहिली नाही. दिल्लीच्या इंडियन ओशनला तर नाव सुचवले ते गिटारवादक सुश्मित सेन यांच्या वडिलांनी. ‘‘म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला हरकत नाही,’’ असे ताई सहज म्हणाल्या, आणि आतल्या खोलीतून लगेच त्यांच्या सासूबाईंचा आवाज आला, ‘‘मला कशाला विचारताय?’’

आमची खोली नारायण पेठेत आहे आणि ती मुळात पिठाची गिरणी होती. ताईंच्या सासऱ्यांनी ती चालवली, त्यांच्या पश्चात ती बंद पडली, यंत्र विकले गेले आणि दुकानाचा गाळा घराला जोडून घेतला. जमिनीत अजून चार बोल्ट आहेत, ज्यांना कोरसमधली धाकटी जाऊ दर शनिवारी ठेचकाळते. भिंतींना रंग दिला, पण मागच्या भिंतीत छताजवळ ज्या भोकातून पट्ट्याचा दांडा जात असे ते तसेच आहे, आणि काकांनी डग्ग्यावर जोरात घुमारा दिला की कधीकधी त्यातून खरोखर पीठ भुरभुरते. ते पीठ माझ्या पेटीत जाते. काळी चारच्या शेजारची एक पट्टी त्यामुळे दमट दिवसांत दाबली की वर येत नाही. दुरुस्तीवाल्याने पेटी उघडून सुरांच्या खाचांतून ब्रशने जे काढले ते हातावर चोळून पाहिले आणि ‘‘ज्वारी,’’ असे सांगितले. मी लहानपणी याच गिरणीत डबा घेऊन यायचे. डब्यांची रांग, त्यांच्यावर ऑइलपेंटने किंवा नखांच्या पॉलिशने लिहिलेली आडनावे, गरम पिठाचा नाकात बसणारा वास, ज्वारीवर गहू नको म्हणून ओरडणाऱ्या बायका, आणि भाजणी असेल तर ‘‘शेवटी या’’ असे सांगणारे मामा. मामांच्या भुवया आणि पापण्या पांढऱ्या असत. डब्यावर नाव नसले तरी कोणता डबा कोणाचा हे त्यांना झाकण पाहून कळे. दगडांना टाकी लावायचा दिवस असला की ते दारातच पालथी मांडी घालून बसत आणि ती टकटक पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू येई.

म्हणून गिटारवाल्या मुलाने, ज्याने ती गिरणी चालू असताना पाहिलेलीही नाही, त्या शनिवारी भोकाकडे पाहत ‘‘मग गिरणीच म्हणू या की,’’ असे म्हटले, तेव्हा आम्ही मोठी माणसे दचकलो. काकांचा पहिला आक्षेप असा की लोक म्हणतील, बसले तेच ते दळत. ताईंना ते बरे वाटले, पण भाव-नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला ते शोभेल का याची त्यांना खात्री नव्हती. मग सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या आणि खुर्चीवर बसल्या. त्यांना नाव मुळीच पसंत नव्हते. गिरणीत लोक दळायला यायचे, ऐकायला नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. शिवाय गिरणीला नाव होते कुठे? पाटीवर फक्त येथे सर्व प्रकारचे धान्य दळून मिळेल असे होते. मी म्हटले की पेठेत तर सगळे ‘तात्यांची गिरणी’ म्हणायचे. त्यावर त्या जरा वेळ थांबल्या. ‘‘ह्यांच्या नावावर होती, एवढंच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे सकाळी कुलूप काढायचे आणि रात्री गल्ला मोजायचे. गिरणी होती मामांच्या हातात. मामा गावी गेले की आठ दिवस पेठेला जाडं पीठ.’’

यावर कोणी काही बोलले नाही. ताईंनी तानपुरा सुरू केला आणि काकांनी ठेका धरला.

नाव अजून पक्के झालेले नाही, पण पुढच्या कार्यक्रमाच्या अर्जावर ‘समूहाचे नाव’ या रकान्यात मुलाने पेन्सिलने ‘गिरणी’ लिहून ठेवले आहे आणि कोणी ते खोडलेले नाही. सासूबाईंनी अर्ज चष्मा लावून पाहिला आणि ऱ्हस्व-दीर्घ तेवढे तपासले. संयोजकांचे म्हणणे पडले की ताईंचे नाव ठळक हवेच, त्याशिवाय खुर्च्या भरत नाहीत, आणि ते खोटे बोलत नाहीत. ताईंनी अट घातली की मग सहाही नावे एकाच टायपात, एकाखाली एक, येतील. संयोजकांनी कुरकुरत मान्य केले. आता वाद आहे तो क्रमाचा. अकारविल्हे लावायची यावर एकमत आहे. पण नावाप्रमाणे लावली तर काका शेवटी जातात आणि आडनावाप्रमाणे लावली तर ताई, आणि दोघेही आपण शेवटी जायला तयार आहोत असे एकमेकांना इतक्या हट्टाने सांगत आहेत की अर्जाची मुदत बहुधा टळणार.